आजोबांच्या तुळईतून बेस गिटार निघेल का?

खर्जवाला | ८ जून, रात्री ११:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय अडनिडा आहे, सांभाळून घ्या.

आमचा दांडिया बाजारातला वाडा या उन्हाळ्यात उतरवला. माळ्याची सागाची तुळई खाली आली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, असा साग आता बघायला मिळत नाही, भंगारात देऊ नका." साडेअकरा फूट लांब, आठ बाय सात इंच. उचलायला चौघं लागले. वाडा पणजोबांनी सयाजीरावांच्या काळात बांधलेला, म्हणजे झाड पडलं त्याला शंभर वर्षं तरी झाली. सध्या ती तुळई माझ्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये आडवी आहे आणि सोसायटीचे सेक्रेटरी रोज तिच्याकडे बघून उसासा टाकतात.

मी बेस गिटार वाजवतो. कलाभवनात इंजिनिअरिंगला असताना एका मित्राने हेडफोन कानावर चढवले आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकवला, तेव्हापासून बिघडलो तो बिघडलोच. दिवसा मकरपुऱ्यातल्या कारखान्यात नोकरी, नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात नऊ रात्री. उरलेलं वर्ष तिघा मित्रांबरोबर एका गॅरेजमध्ये असं संगीत वाजवतो, की ज्याला आजवर कोणी पैसे देऊन बोलावलेलं नाही. चार तारांचा एकच बेस गेली सोळा वर्षं वापरतोय.

आता त्या तुळईतून पाच तारांचा, बिनपट्ट्यांचा (फ्रेटलेस) बेस बनवून घ्यावा असं डोक्यात बसलंय. बंगळूरला एक जण असं काम करतात, त्यांच्याशी बोललो. मजुरी सत्तरेक हजार, पिकअप, खुंट्या, प्रीअँप वगैरेचे चाळीस-पंचेचाळीस वेगळे. आमचे बाबा एवढंच म्हणाले, "चार तारांवर कोणतं गाणं अडलं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर विचारायचं असं की सागाचा नेक (गिटारची मान) टिकतो का? आणि मुळात हे शहाण्या माणसाने करावं का?

डबल_सेवउसळ | ९ जून, सकाळी ७:१५

पहिला!

बेस म्हणजे स्टेजच्या कोपऱ्यात उभा असतो आणि ज्याचं नाव सूत्रसंचालक विसरतो तोच ना?

रिकामा_न्हावी | ९ जून, सकाळी ८:०२

आमच्या गावाकडे बेस म्हणजे बरं. "काय पाव्हणं, कसं काय?" "बेस हाय." त्यामुळे शीर्षक वाचून वाटलं, तुळईतून बरी गिटार निघेल का असं विचारताय.

बाकी प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी ना? मग या धाग्यावर शंभर प्रतिसाद कुठे गेले नाहीत. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

एकबोट्या | ९ जून, सकाळी ९:३०

राग मानू नका, पण असे धागे वाचले की मला चिडचिड होते. जेम्स जेमर्सनने मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची निम्मी गाणी १९६२च्या एका साध्या प्रिसिजन बेसवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवली. तारा तुटल्याशिवाय बदलत नसे. चारच तारा. लिओ फेंडरने १९५१ मध्ये तो बेस काढला तेव्हा फळीवर धातूच्या पट्ट्या बसवल्या, सूर नेमका लागावा म्हणून, आणि त्यावरूनच नाव पडलं 'प्रिसिजन'. तुम्ही सव्वा लाख घालून त्या पट्ट्या काढायला निघालात.

वीस हजारांचा कारखान्यातला बेस घ्या, उरलेल्या पैशांत दोन वर्षं रोज दोन तास रियाझासाठी सुट्टी काढा. लाकूड वाजत नाही, बोटं वाजतात.

खर्जवाला | ९ जून, दुपारी १:२०

एकबोट्या, मुद्दा मान्य आहे. जेमर्सनचं नाव काढलंत की मी कान पकडतो. पण पट्ट्या काढण्याचं म्हणाल तर जाको पास्तोरियसने आपल्या १९६२च्या जॅझ बेसच्या पट्ट्या उपटल्या, खाचा बुजवल्या आणि फळीवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी फासलं. फळी काचेसारखी कडक झाली आणि त्यातून तो गाणारा आवाज निघाला. म्हणजे बोटं त्याची होतीच, पण बोटांना काय हवंय ते त्याने लाकडाला करायला लावलं.

न्हावीबुवा, पुरोगामी म्हणालात त्यात थोडं तथ्य आहे. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. १९६९ मध्ये किंग क्रिमझनचा पहिला अल्बम आला, मग येस, जेनेसिस. एकेक रचना वीस मिनिटांची, मात्रा मधेच बदलणार, जॅझ आणि सिंफनी यांची उसनवारी उघड उघड.

मला त्यातलं काय लागलं ते सांगतो. इतर संगीतात बेस म्हणजे लग्नातला वाढपी. सगळ्यांच्या पानात त्याच्या हातचं पडतं, पण आहेराच्या यादीत तो नसतो. येसच्या ख्रिस स्क्वायरने रिकनबॅकर बेस घेतला, प्लेकने (तार छेडायच्या चकतीने) वाजवला आणि बेस पंगतीत आणून बसवला. रशमध्ये गेडी ली गातो, कीबोर्ड वाजवतो आणि पायाने पेडल दाबत बेसही तोच. ड्रीम थिएटरचा जॉन म्यंग सहा तारांवर. आपल्याकडे इंडियन ओशनचे राहुल राम ऐका, बेसची ओळ गाण्याइतकीच गुणगुणता येते. मुंबईची मोहिनी डे तर जगभर वाजवते.

डबल_सेवउसळ | ९ जून, दुपारी १:४१

चार तारांचे पाच झाले, पुढे जॉनचे सहा. द्रौपदीला विचारलं का?

ठेका | ९ जून, रात्री ९:१०

इंदूरहून लिहितोय, तबला वाजवतो. या प्रोगवाल्यांचं एक कळत नाही. सात मात्रा आल्या की केवढा गाजावाजा! आमच्याकडे रूपक सातचा, झपताल दहाचा, दीपचंदी चौदाची. मंदिरातला भजनी बुवा झोपेत वाजवतो. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'त सात मात्रा आहेत म्हणून एक मित्र मला तासभर समजावत होता. ऐकलं. ३-२-२ लावून रूपक वाजवला, व्यवस्थित बसला. मधे गिटारवाला एकटा सुटतो तिथे मात्र गुपचूप चार मात्रांवर येतात. सात झेपेना वाटतं.

खर्जवाला | ९ जून, रात्री १०:३५

ठेका, सात मोजण्यात शौर्य नाही हे शंभर टक्के खरं. फरक दुसरीकडे आहे. तुमचा रूपक एकदा सुरू झाला की तासभर रूपकच. गाणारा वाटेल तिथे भटकून येतो कारण सम कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. प्रोगमध्ये समच हलवतात. एक ओळ सातची, पुढची आठची, मग पाच. आवर्तन पाठ करायचं नसतं, रस्ता पाठ करायचा असतो. रशचं 'वायवायझेड' घ्या. टोरांटोच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण मोर्स कोडमध्ये जशी पडते, तोच सुरुवातीचा ठेका. कड-कट्ट अशा लांब-आखूड ठोक्यांतून दहा मात्रा आपोआप येतात. तिथे आधी ताल ठरवून मग चीज बसवलेली नाही.

आणि एक कबुली. मागच्या नवरात्रात आमच्या पोळातल्या (गल्लीतल्या) गरब्यात, मोठ्या मैदानात नव्हे, मी ढोलवाल्याला पटवून हींच या गरब्याच्या तालात एक मात्रा वाढवली. सहाचे सात. पहिला फेरा कसाबसा गेला. दुसऱ्या फेऱ्याला अख्खं वर्तुळ उसवलं. निम्म्या बायका आत वळल्या, निम्म्या बाहेर, दोन जणींची टाळी एकमेकींच्या गालावर बसायची राहिली. एक काकी थेट माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "भाई, एक ताळी वधारे आवे छे!" बेसवाल्याची चूक कोणाच्या लक्षात येत नाही म्हणतात. बडोद्यात येते.

रिकामा_न्हावी | ९ जून, रात्री १०:५०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकींना बँडमध्ये घ्या.

करवत_कानस | १० जून, सकाळी ११:००

मूळ प्रश्नाकडे कोणी वळणार आहे का? मी पुण्यात हौसेने गिटारी दुरुस्त करतो, आतापर्यंत चार बेस स्वतः बनवलेत (त्यातला पहिला सध्या भिंतीवर आहे, आणि भिंतीवरच बरा आहे).

सागाचा नेक टिकतो. घनता साधारण साडेसहाशे किलो प्रति घनमीटर, म्हणजे मेपलच्या जरा खाली, आणि साग पावसापाण्याला हलत नाही म्हणून तर जहाजांना वापरतात. पाच तारांचा मिळून ताण ऐंशी-नव्वद किलो होतो आणि तो वर्षानुवर्षं नेकला वाकवत राहतो, त्यामुळे आत दुहेरी ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी सळई) हवाच. शक्य असेल तर बाजूने कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या.

पण तुळई म्हणजे पाटाचं लाकूड नव्हे. पहिलं काम, करवत लावण्याआधी चांगलं जाड लोहचुंबक सगळीकडून फिरवा. वाड्याच्या तुळईत हाताने घडवलेले खिळे मोडून आत राहिलेले असतात आणि वर रंगाचे थर चढलेले. खिळा लागला की बँडसॉचं पातं गेलं. दुसरं, तुळई बहुधा अख्ख्या बुंध्याची असते, मधोमध गाभा असतो आणि भेगा तिथूनच फाकतात. गाभा सोडून बाजूचा भाग घ्या. नेकसाठी असा तुकडा निवडा की टोकाकडून पाहिलं तर वर्षांच्या रेघा उभ्या दिसतील.

साग तेलकट. डिंक धरत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. चिकटवायच्या तोंडावर ॲसिटोनने पुसायचा आणि तेल पुन्हा वर यायच्या आत लगेच चिकटवायचा. "उद्या करू" म्हटलं की संपलं. शिवाय सागात सिलिका असते, रंधा आणि कानस दर अर्ध्या तासाने बोथट. मजुरी सत्तर हजार सांगितली असेल तर त्यांनी साग आधी कापलेला आहे, हे चांगलं लक्षण.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळ्या चिरल्यावर घाई नको. शंभर वर्षं छताचा भार घेतलेल्या लाकडातला ताण चिरल्यावर सुटतो, फळी दोन आठवड्यांत केळीसारखी होऊ शकते. व्हायचं ते वाकडं आधीच होऊ द्या, मग घडवा.

पाचव्या तारेबद्दल. ई तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, खालची बी ३१ वेळा. नेहमीच्या ३४ इंच लांबीवर ती बी ढिली, लोंबकळणारी लागते. म्हणून लोक ३५ करतात किंवा कॅनडाचा डिंगवॉल करतो तसे पंख्यासारखे तिरपे फ्रेट, जाड तारेला ३७ इंच आणि बारीक तारेला ३४. तुम्हाला फ्रेटलेस हवाय, त्यात तिरपं प्रकरण करू नका. पट्ट्या नाहीत आणि सूरही तिरपे, मग बोट कुठे ठेवायचं ते देवालाच ठाऊक. सरळ ३५.

एकबोट्या | १० जून, दुपारी १२:१५

उत्तम प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली). सव्वा लाखाचा विरोध कायम.

करवत_कानस | १० जून, दुपारी १२:४०

एकबोट्या, एका बाबतीत तुमच्याशी असहमत. पाच-सहा तारा हे चोचले म्हणून आले नाहीत. अँथनी जॅक्सनला कीबोर्डवाल्यांच्या खालच्या सुरांपर्यंत जायचं होतं, बाजारात तसं वाद्यच नव्हतं. १९७५ मध्ये कार्ल थॉम्प्सनने त्याला पहिला सहा तारी बेस बनवून दिला. म्हणजे वाजवणारा गेला, त्याने मागितलं, कारागिराने केलं. आज दुकानात टांगलेले पाच तारी बेस त्या मागणीची पुढची पिढी आहेत. गरजेचं वाद्य आधी एकासाठी बनतं, कारखाना मागून येतो.

जव्हारी | १० जून, संध्याकाळी ५:३०

मी या संस्थळावर फारसे लिहीत नाही, पण करवत_कानस यांचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही.

मी बडोद्याचीच. मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने जी गायनशाळा काढली, जी पुढे विद्यापीठाचे संगीत महाविद्यालय झाली, तिथे शिकले आणि पुढे तीस वर्षे गाणे शिकवले. १९७६ साली वडील मला मिरजेला घेऊन गेले, तंबोरा करवून घ्यायला. दुकानात टांगलेला विकत घ्यायचा, हा विचारच कोणाच्या मनात नसे. कारागिराने आधी गायला लावले. मग विचारले, पट्टी काळी पाच ना? मांडीवर घेऊन बसणार की समोर उभा धरणार? हात पुढे करा. माझा हात स्वतःच्या हातावर ठेवून बघितला. भोपळे दाखवले, प्रत्येकावर टिचकी मारून. चार महिन्यांनी या म्हणाले. वडिलांनी सहा महिन्यांनी आणला, गाडीच्या डब्यात मांडीवर घेऊन. शेजारचा प्रवासी रात्रभर विचारत होता की आत काय शिजवता.

तेव्हा तुमचे हे 'कस्टम' 'कस्टम' वाचून मला गंमत वाटते. आमच्याकडे दुसरा प्रकारच नव्हता. तयार वाद्य विकत घेणे ही नंतर आलेली सोय आहे.

जाता जाता. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज तुमच्या हिशेबात किती कंपनांचा होतो?

खर्जवाला | १० जून, रात्री ८:००

ताई, नमस्कार. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते "हं" म्हणाले, आमच्या घरी ही मोठी गोष्ट आहे.

काळी एकचा खर्ज साधारण ६९. माझ्या चौथ्या तारेचा सूर ४१, पाचवी आली की ३१. म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्याही पार खाली, सप्तकाहून जास्त.

जव्हारी | १० जून, रात्री ८:२५

तिथे गाणारा कोणी नाही. एकटे वाटत नाही का?

खर्जवाला | १० जून, रात्री ८:३१

वाटतं. म्हणूनच आवडतं.

लष्करवाला | ११ जून, सकाळी १०:१०

ग्वाल्हेरहून. सागाबद्दल एवढी चर्चा झाली आणि सरोद कोणाला आठवला नाही? सरोद बहुधा सागाचाच असतो. पोटापासून मानेपर्यंत एकाच ठोकळ्यातून कोरतात, तुमच्या भाषेत ते नेक-थ्रू. पट्ट्या नाहीत, वर चकचकीत पोलादी पत्रा आणि डाव्या हाताची नखं त्यावर घासत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं. आमच्या गावात हाफिज अली खाँसाहेबांच्या राहत्या घराचं 'सरोद घर' संग्रहालय केलंय. तिथली जुनी वाद्यं काचेआड बघितली की कळतं, ताणाखाली साग किती वर्षं सरळ उभा राहतो. खर्जवाला, इकडे आलात तर नक्की बघा. लाकडाची परीक्षा तिथे आधीच झालेली आहे.

एक सूचना: फळीवर लाकडाऐवजी पोलादी पत्राच का नाही लावत?

करवत_कानस | ११ जून, सकाळी १०:४५

सरोदचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, मानलं. पत्र्याचे प्रयोग लोकांनी केलेत, पण बेसच्या गोल गुंडाळलेल्या तारा पत्र्यावर घासल्या की कर्रकर्र आवाज येतो. शिसवाची फळी बरी, आणि तारा सपाट गुंडाळणीच्या.

डबल_सेवउसळ | ११ जून, सकाळी ११:२०

रंग कोणता देणार? संखेड्याला घेऊन जा. लाल-सोनेरी लाख चढवून, अकीकाने घासून देतील. स्टेजवर आलात की लोक आधी नारळ ठेवतील.

खर्जवाला | ११ जून, सकाळी ११:५५

हसू नका, संखेड्याला जाणारच आहे, पण रंगासाठी नाही. तिथल्या खरादी मंडळींइतका साग बडोद्याच्या आसपास कोणी ओळखत नाही. फळ्या तिथे चिरून घेतो आणि मग बंगळूरला पाठवतो.

बंड्या_कोथरूड | ११ जून, रात्री ९:४५

हा धागा मला धाकट्या बहिणीने पाठवला. दादा, मी ओळखलं तुला. "सोसायटीचे सेक्रेटरी उसासा टाकतात" हे तू फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतंस.

तुळई वाड्याची आहे. वाडा चौघांचा होता. माझ्या वाट्याचं लाकूड बंगळूरला निघालंय हे मला एका संस्थळावर कळतंय, वा रे वा. आईची इच्छा त्याचा हिंचका करायची आहे. ओसरीवरचा हिंचका तू विसरलास का? आजोबा दुपारी त्यावर झोपायचे आणि आपण दोघं पायाने ढकलायचो.

रिकामा_न्हावी | ११ जून, रात्री ९:५२

पॉपकॉर्न वाया गेलं नाही.

एकबोट्या | ११ जून, रात्री १०:०५

भाऊबंदकी सुरू. आता सव्वा लाखात वकील बसवावा लागेल.

रिकामा_न्हावी | ११ जून, रात्री १०:०७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

करवत_कानस | ११ जून, रात्री १०:३०

मंडळी, पट्टी घ्या हातात. साडेअकरा फुटी तुळई. बेसच्या नेक-थ्रूला चार फुटांचा तुकडा लागतो, साडेपाच इंच रुंद आणि दीड इंच जाड, बाजूचे पंख तेवढ्याच जाडीचे. म्हणजे तुळईच्या एका टोकाचे चार फूटही पुरते संपत नाहीत. उरले साडेसात फूट, आठ बाय सात. त्यातून दोन-दोन इंची फळ्या काढल्या तर हिंचक्याचा पाट होऊन चौकटीलाही लाकूड उरेल. कड्यांचे दांडे मात्र पितळेचेच घ्या.

खर्जवाला | ११ जून, रात्री ११:१५

बंड्या, चुकलो. फोन करायला हवा होता. खरं सांगू, तू "लाकडाची गिटार?" असं म्हणून हसशील म्हणून केला नाही. काकूंना सांग, पाट आधी निघेल, मग माझं.

बंड्या_कोथरूड | ११ जून, रात्री ११:२०

हसलो असतोच. चिरायला जाशील तेव्हा मी येतो. आणि लीलो चिवडा घेऊन ठेव, दोन किलो.

ठेका | १२ जून, सकाळी ८:३०

अवांतर: बडोद्यात वाद्यं ठेवता कुठे? २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या एका नातेवाइकाच्या तळमजल्यावरचे दोन्ही तबले विश्वामित्री नदीने नेले.

खर्जवाला | १२ जून, सकाळी ९:००

विषय नको काढू. गॅरेज तळमजल्याचं. बेस मी खांद्यावर घेऊन वर पळालो, अँप राहिला. पाणी ओसरल्यावर गेलो तर अँपच्या खोक्यात हातभर चिखल, आणि ड्रमरने शपथेवर सांगितलं की बेसड्रमच्या आत काहीतरी हललं. आम्ही चौघं अर्धा तास काठी घेऊन उभे. निघाला बेडूक. पण त्या दिवसांत विश्वामित्रीच्या मगरी लोकांच्या अंगणात सापडत होत्या, त्यामुळे आमची भीती रास्त होती.

डबल_सेवउसळ | १२ जून, सकाळी ९:१२

मगर असती तर बँडचं नाव तरी मिळालं असतं.

खर्जवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. पाच महिने झाले, हिशेब देणं लागतो.

जूनच्या शेवटी बंड्या आला, आम्ही तुळई टेम्पोत घालून संखेड्याला नेली. लोहचुंबक फिरवून सात खिळे काढले होते. आठवा करवतीनेच शोधला. पातं तुटलं, त्याचे पैसे भरले. ज्या काकांनी चिरली त्यांनी ताजा काप नाकाला लावला आणि काही बोलले नाहीत, फक्त आपल्या मुलाला बोलावून हुंगायला लावलं. शंभर वर्षांनी आतून तोच तेलकट, चामड्यासारखा वास. बंड्यानेही हुंगलं. त्यानंतर त्याने गिटारवरून एकही विनोद केला नाही, परतीच्या वाटेवर मलाच चुकल्यासारखं झालं.

पाट आधी झाला. गाभा फाटका निघाला, करवत_कानस म्हणाले होते तसा, त्यामुळे चौकट झाली नाही, पाटच. कोथरूडच्या बाल्कनीत गणपतीत लागला.

माझे तुकडे महिनाभर तसेच ठेवले. दोनातला एक खरोखर वाकला. दुसरा सरळ राहिला, तो बंगळूरला गेला. कारागिरांनी व्हिडिओ कॉलवर मला वाजवायला लावलं, माझा डावा हात पट्टीवर ठेवून फोटो मागितला. (जव्हारीताई, तेव्हा तुमची आठवण झाली.) करंगळी आखूड आहे म्हणाले, मानेची रुंदी दोन मिलिमीटर कमी केली. सोळा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की हात दुखतो तो रियाझ कमी म्हणून नाही, करंगळी आखूड म्हणून.

पस्तीस इंच, शिसवाची फळी, पट्ट्यांच्या जागी नुसत्या बारीक रेघा. वजन चार किलो तीनशे. खर्च एक लाख बावीस हजार, शिवाय पातं. नवरात्राला आला नाही, दसरा उलटून गेल्यावर आला. पहिला आठवडा सगळे सूर चुकले. दुसऱ्या आठवड्यातही. एकबोट्या, रोज दोन तास रियाझ चालू आहे, म्हणजे तुमचंही ऐकलंय.

खाली एक मिनिटाची फीत दिलीय. पाचवी तार, सात मात्रा, साथीला काही नाही.

डबल_सेवउसळ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

फीत बिघडलीय. काहीच ऐकू येत नाही.

लष्करवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३८

माझ्याकडेही नुसतं टक-टक. बोटं आपटल्याचा आवाज.

करवत_कानस | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मोबाइलवर ऐकताय ना? ३१ कंपनांचा सूर फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघत नसतो. मोठे हेडफोन लावा. मी लावले. खर्जवाला, तिसऱ्या मात्रेवरची मींड पुन्हा पुन्हा ऐकतोय. अ‍ॅक्शन (तारांची फळीपासूनची उंची) किंचित खाली घेता येईल, उद्या फोन करा.

ठेका | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०२

हेडफोन लावून ऐकलं. ३-२-२ नाही, २-२-३ आहे. रूपक नव्हे. मान्य, सम शोधायला दोनदा ऐकावं लागलं.

एकबोट्या | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

चार तारांवर हे वाजलं नसतं, एवढंच लिहितो. किंमत अजूनही जास्त वाटते.

जव्हारी | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

नातवाने त्याच्या मोठ्या स्पीकरवर लावून दिले. कोपऱ्यात माझा तंबोरा गवसणीत होता. त्याच्या तारा आतल्या आत वाजल्या. तिसऱ्या मात्रेवर पंचम किंचित उतरतो आहे, तेवढा बघा.

बंड्या_कोथरूड | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

आई विचारतेय, आमचा पाट करकरतो, तुझं वाद्यही करकरतं का? असेल तर कड्यांना तेल कोणतं घालतोस ते कळव.

रिकामा_न्हावी | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ऐकलं. बेस हाय.